खांद्यावर एकच तारा, तरी 'फोर स्टार' कसा? वाचकांचे प्रश्न, कर्नल काकांची उत्तरं

मागच्या अंकात लष्करातल्या हुद्द्यांवर दोन पानं लिहिली आणि त्यानंतर एवढे प्रश्न आले की संपादक म्हणाले आता या अंकात फक्त उत्तरंच द्या. गंमत म्हणजे निम्म्याहून जास्त प्रश्न एकाच माणसाबद्दल होते, लष्करप्रमुख. त्यामुळे बाकीचे (पेन्शन, कॅन्टीन कार्ड, अग्निवीर वगैरे) पुढच्या वेळी, राग मानू नका.

आधी एक चूक कबूल करतो. मागच्या अंकात जनरल करिअप्पा हे पहिले 'चीफ ऑफ द आर्मी स्टाफ' असं छापून गेलं. मिरजेच्या एका निवृत्त शिक्षकांनी ते बरोबर पकडलं. करिअप्पांनी १५ जानेवारी १९४९ ला जनरल रॉय बुचर यांच्याकडून सूत्रं घेतली, ते पहिले भारतीय प्रमुख, म्हणूनच १५ जानेवारीला आर्मी डे असतो, हे सगळं खरं. पण त्यांचं पद 'कमांडर-इन-चीफ' होतं. ते नाव बदललं १ एप्रिल १९५५ ला, तेव्हा जनरल महाराज राजेंद्रसिंहजी खुर्चीत होते, म्हणजे नव्या नावाचे पहिले प्रमुख ते. नावातला हा बदल साधा नव्हता, त्यावर खाली एका प्रश्नात येतोच.

प्रश्न : काका, टीव्हीवर सारखं 'फोर स्टार जनरल' म्हणतात, पण फोटो झूम करून बघितला तर खांद्यावर एकच तारा आहे. आमच्या एनसीसीच्या सरांना तीन आहेत! मग मोठं कोण? (बारावी, सातारा)

हा प्रश्न मला फार आवडला, कारण झूम करून बघणारी पोरं आता कमी राहिलीत. हे बघ, खांद्यावरचे तारे आणि 'स्टार रँक' यांचा हिशोब वेगवेगळा. खांद्यावर लेफ्टनंटला दोन तारे, कॅप्टनला तीन, मग मेजरला तारे जाऊन अशोकस्तंभ येतो, पुढे अशोकस्तंभ अधिक तारे असं ब्रिगेडियरपर्यंत चढत जातं आणि ब्रिगेडियरला परत तीन तारे होतात. मेजर जनरलपासून तलवार आणि बॅटन यांची फुली येते. पूर्ण जनरलच्या खांद्यावर अशोकस्तंभ, एक तारा आणि खाली ती फुली. तुला दिसला तो हा तारा.

आणि चार कुठे आहेत? कॉलरवरच्या लाल पट्टीवर बघ, आणि गाडीच्या लाल पाटीवर. ब्रिगेडियरला एक, मेजर जनरलला दोन, लेफ्टनंट जनरलला तीन, जनरलला चार. युनिटच्या गेटवरचा संतरी लांबून येणारी गाडी बघतो तेव्हा तो चेहरा बघत नाही, पाटीवरचे तारे मोजतो. चार दिसले की पुढचं सगळं हातपाय आपोआप करतात. मात्र गाडीत साहेब नसतील तर ती पाटी झाकलेली असते, नुसता ड्रायव्हर गाडी धुवायला नेत असेल तर त्याला कोणी सॅल्यूट ठोकू नये म्हणून.

प्रश्न : लष्करप्रमुखाच्या मनात आलं तर तो युद्ध सुरू करू शकतो का? आमच्या कट्ट्यावर यावरून भांडण झालं. (एक वाचक, नाशिक)

नाही. कट्ट्यावर जो 'नाही' म्हणत होता त्याला चहा पाजा.

घटनेच्या ५३व्या कलमाप्रमाणे तिन्ही दलांचं सर्वोच्च सेनापतिपद राष्ट्रपतींकडे आहे, आणि राष्ट्रपती चालतात मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने. लढायचं की नाही, कुठवर लढायचं, कुठे थांबायचं हे पंतप्रधानांच्या अध्यक्षतेखालची सुरक्षाविषयक मंत्रिमंडळ समिती ठरवते. त्यात संरक्षण, गृह, परराष्ट्र आणि अर्थ खात्याचे मंत्री असतात. लष्करप्रमुख त्या समितीचा मेंबर नाही! त्याला बोलावतात, तो सांगतो, आणि बाहेर येतो.

कारगिल आठवा. १९९९ च्या मे महिन्यात घुसखोरी किती मोठी आहे ते हळूहळू कळत गेलं, जनरल मलिक प्रमुख होते. वरून गोळ्या बसतायत, पोरं उघड्या कड्यावरून चढतायत, अशा वेळी पलीकडे जाऊन त्यांची रसद तोडावी असं कोणालाही वाटेल. पण नियंत्रण रेषा ओलांडायची नाही हे दिल्लीने ठरवलं. विमानं वापरायची परवानगीसुद्धा समितीने २५ मे ला दिली आणि २६ ला हल्ले सुरू झाले. त्या चौकटीत राहून शिखरं परत कशी घ्यायची, तोफा कुठे आणायच्या, कुठली डिव्हिजन हलवायची हे मात्र लष्कराने ठरवलं. म्हणजे 'काय' सरकारचं आणि 'कसं' लष्कराचं, ढोबळमानाने.

आता प्रमुखाचा खरा वजनदार अधिकार सांगतो, तो म्हणजे 'आत्ता नको' म्हणायचा. १९७१ च्या एप्रिलमधली ती बैठक बहुतेकांना ऐकून माहितीये, इंदिरा गांधींनी विचारलं आणि तेव्हाचे लष्करप्रमुख माणेकशॉ म्हणाले तयारीला वेळ द्या. माणेकशॉ ही गोष्ट पुढे स्वतः खूप रंगवून सांगायचे आणि काही अभ्यासकांचं म्हणणं आहे की सरकारलाही तेव्हा लगेच उडी घ्यायची नव्हती, ते असू दे. कारणं मात्र ऐकण्यासारखी होती. पूर्व बंगालात पावसाळा तोंडावर, नद्या अशा फुगतात की पलीकडचा काठ दिसत नाही, रणगाडे चिखलात रुतणार. उत्तरेच्या खिंडी उन्हाळ्यात उघड्या म्हणजे चीनची धास्ती, आणि हिवाळ्यात त्याच खिंडी बर्फाने बंद. लढाई झाली ३ ते १६ डिसेंबर. मधल्या सात-आठ महिन्यांत रस्ते, पूल, दारूगोळा, रेल्वेच्या रेक हे सगळं जमवलं गेलं. मला विचाराल तर प्रमुखाचं काम बघायचं असेल तर ते त्या सात-आठ महिन्यांत बघा, त्या तेरा दिवसांत नाही.

अजून एक. ढाक्याच्या शरणागतीच्या कागदावर भारताकडून सही कोणाची? माणेकशॉंची नाही, ईस्टर्न कमांडचे लेफ्टनंट जनरल जगजितसिंग अरोरा यांची. कारण मैदानातली फौज आर्मी कमांडरच्या हातात असते. देशात अशा सहा लढाऊ कमांड आहेत, उधमपूर, चंडीमंदिर, जयपूर, लखनौ, कोलकाता आणि आपलं पुणं, शिवाय सिमल्याची ट्रेनिंग कमांड. प्रमुख त्या सगळ्यांच्या वर, पण कुठली कंपनी कुठल्या टेकडीवर चढणार हे तो दिल्लीतून सांगत बसत नाही, आणि ज्याने तसं करायचा प्रयत्न केला त्याचं हसं होतं.

प्रश्न : मग युद्ध नसतं तेव्हा ते दिवसभर करतात काय? (गृहिणी, बारामती)

ताई, तुमच्या प्रश्नातला टोमणा पोचला.

सुमारे बारा लाख माणसांचं घर चालवायचं म्हणजे काय असतं ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळेल. कोणाला काय लागणार, पुढच्या वर्षी किती लागणार, पाच वर्षांनी कुठली तोफ जुनी होणार, भरती किती, ट्रेनिंग कुठे. मोठी खरेदी प्रमुखाच्या सहीने होत नाही, ती संरक्षणमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालच्या परिषदेत मंजूर होते, पण 'आम्हाला हे लागतं' हे पटवून देण्याचं काम लष्कराचं. मग वरच्या हुद्द्यांचे प्रमोशन बोर्ड असतात, आणि हे फार नाजूक काम, कारण आज ज्याला मेजर जनरल करता तो उद्या कोअर (काही डिव्हिजन मिळून होणारी फौज) सांभाळणार आहे. उपप्रमुख, त्यांच्या खालचे डेप्युटी, ॲडजुटंट जनरल, क्वार्टरमास्टर जनरल अशी मोठी टीम असते, प्रमुख एकटा फायली उपसत नाही. परदेशी पाहुणे, आपले परदेश दौरे, आणि युनिटच्या भेटी.

त्या भेटीबद्दल एक सांगतो. मी कॅप्टन होतो, आमची बटालियन डोंगरात खूप वर होती, आणि चीफची व्हिजिट लागली. आठ दिवस आधीपासून धावपळ. हेलिपॅडचा बर्फ काढा, दगडांना चुना मारा, मॉडेल रूममध्ये मातीचे डोंगर परत रंगवा, चहा कोण देणार त्याची सुद्धा रिहर्सल. आमच्या सीओंनी (कमांडिंग ऑफिसर, बटालियनचे प्रमुख) ब्रीफिंगचा एकेक आकडा पाठ केलेला, समोर दुश्मनाच्या पोस्ट किती, मशीनगन कुठे, सगळं. जवानांना एकच सूचना, साहेबांनी काही विचारलं तर हसून उत्तर द्यायचं. त्यातला एक शिपाई इतका घाबरलेला की चीफ समोर येऊन उभे राहिले आणि त्यांनी तोंड उघडायच्या आतच हा म्हणाला, "सब ठीक है साब!" सगळे हसले, चीफपण.

मग ते बंकरमध्ये वाकून शिरले. तिथे बुखारी होती, केरोसीनवर चालणारी शेगडी म्हणा, तिच्यावर हात शेकत त्यांनी विचारलं, दिवसाला केरोसीन किती लागतं, आणि रस्ता बंद झाला की साठा किती दिवस पुरतो? सीओ गप्प. मशीनगनचे आकडे पाठ, केरोसीनचा नाही. मागून आमच्या क्वार्टरमास्टर सुभेदार साहेबांनी हळूच पण बरोबर सांगितलं, पोस्टवार, जेरीकॅनमध्ये. चीफनी नकाशा परत बघितलाच नाही, पुढची दहा मिनिटं त्या सुभेदार साहेबांशीच बोलले, खेचरं किती, पोर्टर किती, कुठला नाला आधी गोठतो. तेव्हा मला ते जरा विचित्र वाटलं होतं खरं सांगायचं तर. एवढा मोठा माणूस आणि रॉकेलची चौकशी करतोय. नंतर अक्कल आली.

प्रश्न : जो सगळ्यात सीनियर तोच प्रमुख होतो ना? मग दर वेळी पेपरात 'डावललं' अशा बातम्या का येतात? (बँक कर्मचारी, कोल्हापूर)

नियम तसा नाही, प्रथा तशी आहे. आणि प्रथा म्हटलं की ती मोडली की बोंब होणारच.

नेमणूक करते मंत्रिमंडळाची नियुक्ती समिती. लष्करप्रमुखाची मुदत तीन वर्षं किंवा वयाची ६२ वर्षं, यातलं जे आधी होईल ते. आणि लेफ्टनंट जनरल रिटायर होतो साठाव्या वर्षी. आता या तीन आकड्यांवर सगळा खेळ चालतो. तुम्ही कितीही हुशार असा, प्रमुखाची खुर्ची रिकामी होईल त्या दिवशी तुमची साठी उलटलेली नसावी, आणि तोवर तुम्ही आर्मी कमांडर किंवा उपप्रमुखापर्यंत पोचलेले असावेत. म्हणजे अर्धं नशीब जन्मदाखल्यावर! अलीकडचे चार प्रमुख बघा, रावत, नरवणे, पांडे, द्विवेदी, चौघेही आधी एखाद्या कमांडचे प्रमुख आणि मग उपप्रमुख होते.

जन्मतारखेचा महिमा बघायचा तर २०२४ चा जून आठवा. जनरल मनोज पांडे ३१ मे ला रिटायर होणार होते, सरकारने आयत्या वेळी त्यांना महिनाभर वाढवून दिला. लेफ्टनंट जनरल उपेंद्र द्विवेदी हे १ जुलै १९६४ चे, आणि सरकारी नियमाने एक तारखेला जन्मलेला माणूस आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी रिटायर होतो, म्हणजे त्यांची निवृत्ती ३० जूनला. आणि त्याच ३० जूनला ते लष्करप्रमुख झाले! घरी जायच्या दिवशी साहेब चार तारे लावून ऑफिसला. महिनाभर सगळे माजी अधिकारी व्हॉट्सॲपवर तारखा मोजत बसलेले, त्यात मी पण होतो, खोटं कशाला बोलू.

तारखेवरून झालेलं सर्वात मोठं रामायण म्हणजे जनरल व्ही. के. सिंग यांचं. दहावीच्या सर्टिफिकेटवर जन्मसाल १९५१, सुरुवातीच्या भरतीच्या फॉर्मवर १९५०. एका वर्षाचा फरक, पण त्यावर ते केव्हा जाणार आणि त्यांच्यानंतर कोण येणार हे अवलंबून होतं. जानेवारी २०१२ मध्ये पदावर असलेला लष्करप्रमुख सरकारविरुद्ध सुप्रीम कोर्टात गेला, असं आधी कधी झालं नव्हतं. फेब्रुवारीत त्यांनी अर्ज मागे घेतला आणि ३१ मे ला निवृत्त झाले. फॉर्म भरताना नीट भरा रे पोरांनो, एवढंच.

डावलण्याचं म्हणाल तर १९८३ मध्ये लेफ्टनंट जनरल एस. के. सिन्हा यांचा नंबर होता आणि प्रमुख झाले आपले जनरल अरुणकुमार वैद्य, सिन्हांनी राजीनामा दिला. २०१६ मध्ये लेफ्टनंट जनरल प्रवीण बक्षी आणि पी. एम. हारिज यांना मागे ठेवून बिपिन रावत यांना नेमलं. आणि कधी कधी न डावलताही डावलता येतं: १९७४ मध्ये जनरल बेवूर यांना मुदतवाढ दिली, तेवढ्यात पुढचे उमेदवार लेफ्टनंट जनरल प्रेमींद्रसिंग भगत, दुसऱ्या महायुद्धातले व्हिक्टोरिया क्रॉसवाले, वयाने रिटायर होऊन गेले.

माझं मत विचाराल तर सरकारला निवडीचा हक्क असावा. नुसतं जन्मतारखेने प्रमुख ठरवायचा तर मग समिती कशाला, कॅलेंडर पुरे. पण निवड केली की कारणं निदान त्या माणसाला तरी समोर बसवून सांगावीत.

प्रश्न : सरकारशी पटलं नाही तर लष्करप्रमुख काय करतो? आणि सरकार त्याला काढू शकतं का? (वकील, औरंगाबाद/संभाजीनगर)

बंद दाराआड भांडतो. लेखी मत देतो. आणि त्यापुढे राजीनामा. १९५९ मध्ये जनरल थिमय्यांचं संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांच्याशी वाजलं आणि त्यांनी राजीनामा दिला. नेहरूंनी बोलावून समजूत काढली, थिमय्यांनी तो मागे घेतला, आणि नंतर संसदेत नेहरूंनी त्यांच्यावरच टीका केली. माझ्या मते राजीनामा मागे घेणं ही त्यांची चूक होती, एकदा टेबलावर ठेवलेला कागद परत खिशात घातला की त्याची किंमत जाते. पण बोलणं सोपं असतं.

सरकार काढू शकतं, होय. वकीलसाहेब, तुम्हाला ३१०वं कलम सांगायची गरज नाही, राष्ट्रपतींची मर्जी असेतोवरच पद. भूदलाच्या प्रमुखावर ही पाळी आली नाही, पण नौदलप्रमुख ॲडमिरल विष्णू भागवत यांना ३० डिसेंबर १९९८ ला बडतर्फ केलं होतं.

आणि उलट बाजू फार जणांना माहीत नसते. आर्मी ॲक्ट १९५० च्या २०व्या कलमाखाली लष्करप्रमुख जवानाला किंवा जेसीओला (सुभेदार वगैरे हुद्देदाराला) नोकरीतून काढू शकतो, पण अधिकाऱ्याला नाही. काल पास आउट झालेला लेफ्टनंट असला तरी त्याला बडतर्फ करायचं ते केंद्र सरकारने, कारण त्याचं कमिशन, म्हणजे अधिकारीपदाची सनद, राष्ट्रपतींकडून आलेलं. म्हणजे सिनेमात तो जनरल टेबलावर हात आपटून "यू आर डिसमिस्ड" म्हणतो ना मेजरला, ते तसं नसतं.

प्रश्न : सीडीएस (चीफ ऑफ डिफेन्स स्टाफ) आल्यावर लष्करप्रमुख ज्युनियर झाला का? (एक वाचक, ठाणे)

झाला पण आणि नाही पण. कारगिलनंतरच्या मंत्रिगटाने २००१ मध्ये शिफारस केली आणि पहिले सीडीएस म्हणून जनरल रावत बसले १ जानेवारी २०२० ला. एकोणीस वर्षं लागली, असो. सीडीएस पण फोर स्टारच. तो संरक्षणमंत्र्यांचा तिन्ही दलांच्या बाबतीतला मुख्य लष्करी सल्लागार, तिन्ही प्रमुखांच्या समितीचा कायमचा अध्यक्ष आणि लष्करी व्यवहार विभागाचा सचिव. पण पद तयार करतानाच सरकारने स्पष्ट सांगितलं की सीडीएस कुठल्याही प्रमुखाला किंवा फौजेला लष्करी हुकूम देणार नाही. बारा लाख माणसं अजूनही लष्करप्रमुखाच्याच हाताखाली. वडील आणि मोठे काका यांच्यासारखं समजा, काकांचं ऐकावं लागतं पण घर वडिलांचं.

प्रश्न : पाकिस्तानात लष्करप्रमुख उठून सत्ता घेतो, आपल्याकडे कधीच का नाही झालं? आपले जनरल चांगले म्हणून? (इंजिनियर, पुणे)

चांगले आहेतच, मी स्वतः त्यांच्या हाताखाली काम केलंय! पण चांगुलपणावर देश चालत नाही, त्यासाठी खुर्च्या नीट मांडाव्या लागतात, आणि त्या मांडल्या गेल्या.

इंग्रजांच्या काळात कमांडर-इन-चीफ एकच, तिन्ही दलं त्याच्याखाली, आणि व्हाइसरॉयनंतर दिल्लीत दोन नंबरचा माणूस तोच. त्याचं घर १९३० मध्ये बांधलं, फ्लॅगस्टाफ हाऊस. १९४७ ला पहिलं काम झालं ते हे की तिन्ही दलांना वेगवेगळे प्रमुख दिले. मग ते फ्लॅगस्टाफ हाऊस पंतप्रधानांचं घर झालं, त्यालाच आपण तीन मूर्ती भवन म्हणतो. विचार करा, जिथे सेनापती राहायचा तिथे आता निवडून आलेला माणूस राहायला आला. गेटवरच्या शिपायापासून सगळ्यांना न बोलता समजलं. मग १९५५ ला 'कमांडर-इन-चीफ' हे नावच गेलं, आला 'चीफ ऑफ द आर्मी स्टाफ', म्हणजे फौजेचा मालक नव्हे तर मुख्यालयाचा प्रमुख. वर म्हटलं होतं ना, नावात काहीतरी आहे म्हणून, ते हे.

बाकी पण गोष्टी आहेत. तीन वर्षांत माणूस जातोच. सीआरपीएफ, बीएसएफ वगैरे गृहखात्याकडे. राजशिष्टाचाराच्या यादीत तिन्ही प्रमुख बाराव्या नंबरवर आणि कॅबिनेट सेक्रेटरी अकराव्या. यावरून आमच्या मेसमध्ये पिढ्यानपिढ्या कुरकुर चालत आलीये. आणि कुरकुरीचं खरं कारण अजून एक आहे, सरकारच्या १९६१ च्या कामकाज वाटपाच्या नियमांत 'भारताचं संरक्षण' ही जबाबदारी संरक्षण विभागाकडे, म्हणजे बाबूंकडे लिहिलेली. लढायचं आम्ही आणि जबाबदारी कागदावर सचिवांची! सुधारायला हवं असं मला वाटतं. पण हीच कुरकुर मेसमध्ये सुरू होऊन मेसमध्येच संपते याचं समाधान पण वाटतं. शेजारी अयूब खान १९५८, झिया १९७७, मुशर्रफ १९९९, तिथे ती मेसच्या बाहेर आली.

प्रश्न : पगार किती असतो हो? (नाव छापू नका)

नाही छापलं. महिना २,५०,००० रुपये बेसिक, फिक्स, कॅबिनेट सेक्रेटरीएवढाच. आर्मी कमांडरला २,२५,०००. यावर महागाई भत्ता वगैरे. दिल्लीत राजाजी मार्गावर 'आर्मी हाऊस' राहायला, ते पद सोडलं की सोडायचं. एखाद्या बऱ्या कंपनीतल्या मधल्या मॅनेजरला याहून जास्त मिळतो, पण त्याच्या गाडीला पाटी नसते.

प्रश्न : मी अकरावीत आहे, एनडीएची तयारी करतेय. मुलगी लष्करप्रमुख होऊ शकते का? सगळे हसतात. (नागपूर)

हसू दे. आधी एक सांगतो, जनरल पांडे तुझ्याच नागपूरचे, आणि ते इंजिनियर्समधून आलेले पहिले लष्करप्रमुख. हे तुझ्यासाठी महत्त्वाचं का ते सांगतो. कायद्यात लष्करप्रमुख पुरुषच हवा असं कुठेही नाही. अडचण रस्त्यात आहे. प्रमुख व्हायचं तर बटालियन, ब्रिगेड, डिव्हिजन, कोअर, मग कमांड असं चढत जावं लागतं, आणि इन्फंट्री, रणगाडे ही दारं मुलींना आज बंद आहेत. डॉक्टर म्हणून लेफ्टनंट जनरल झालेल्या बायका आहेत, आपल्या माधुरी कानिटकर त्यातल्याच, पण मेडिकलवाल्यांना फौजेची कमांड मिळत नाही. मात्र इंजिनियर्समध्ये मुली आहेत, २०२३ पासून तोफखान्यातही आहेत. सुप्रीम कोर्टाच्या २०२० च्या निकालानंतर परमनंट कमिशन (निवृत्तीच्या वयापर्यंतची नोकरी) आणि युनिटची कमांड दोन्ही खुलं झालं. आणि इंजिनियर्समधून प्रमुख होता येतं हे २०२२ मध्ये सिद्ध झालंय.

आता गणित कर. पांडे १९८२ च्या डिसेंबरात अधिकारी झाले, प्रमुख एप्रिल २०२२ मध्ये. द्विवेदी डिसेंबर १९८४, प्रमुख जून २०२४. म्हणजे साधारण साडेएकोणचाळीस वर्षं. एनडीएतून मुलींची पहिली तुकडी, १७ जणी, मे २०२५ मध्ये खडकवासल्याहून बाहेर पडली, त्यानंतर वर्षभराचं ट्रेनिंग. त्यांच्यातली कोणी त्या खुर्चीत बसायची तर २०६५ च्या आसपास. तुझी बॅच त्यानंतर चार-पाच वर्षांनी. मी तेव्हा नसेन, पण हसणारे असतील बहुतेक.

आणि जन्मतारीख किती आहे तुझी? ती फॉर्मवर दहावीच्या सर्टिफिकेटप्रमाणेच लिही, वर वाचलंस ना.

प्रश्न : आपला लष्करप्रमुख नेपाळचाही जनरल असतो म्हणे, ही व्हॉट्सॲपची थाप आहे का? (निवृत्त पोस्टमन, रत्नागिरी)

थाप नाही, नाना. १९५० पासून चालत आलंय, करिअप्पा पहिले. आपला नवा प्रमुख काठमांडूला जातो आणि तिथले राष्ट्रपती त्याला नेपाळी सेनेचा मानद जनरल करतात, नोव्हेंबर २०२४ मध्ये द्विवेदींना केलं. तिकडचा प्रमुख दिल्लीला आला की आपले राष्ट्रपती त्याला आपल्या सेनेचा मानद जनरल करतात. हुकूम चालत नाही, पगार मिळत नाही, पण आपल्या गोरखा पलटणीतले कितीतरी जवान आणि पेन्शनर नेपाळात राहतात, त्यांच्या गावात हा फोटो भिंतीवर लागतो. तुम्ही पोस्टात होतात, तिकडे जाणाऱ्या मनीऑर्डरी तुमच्या हातून गेल्याच असतील.